थिऑगनी वाचताना पोटावर लक्ष ठेवा

एमएच्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं, 'ग्रीकांच्या मते आधी सगळा गोंधळ होता, मग देवांनी सुव्यवस्था आणली.' बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'कुठल्या ओळीत?' मला सांगता येईना. मूळ काव्य उघडलंच नव्हतं.

ग्रीक कवी हेसिअडचं 'थिऑगनी', म्हणजे देवांच्या जन्माचं काव्य, इसवी सनपूर्व ७००च्या आसपासचं, जेमतेम १०२२ ओळींचं. अनुवादात दोन संध्याकाळी पुरतात. ११६व्या ओळीत 'खाओस' येतो, पण गोंधळ या अर्थाने नव्हे. शब्दाचं मूळ 'आ वासणे' असं आहे. म्हणजे नुसती आ वासलेली पोकळी. त्यानंतर गाया, म्हणजे पृथ्वी.

नेरिअस या सागरदेवाच्या पन्नास कन्यांची यादी पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा (मी ती पाठ करायला बसलो होतो). वंशावळ मात्र हाताने काढा, आणि पोटावर लक्ष ठेवा. युरेनस, म्हणजे आकाश, आपल्या मुलांना गायाच्या पोटातच कोंडतो. ती धाकट्या मुलाच्या, क्रोनसच्या, हाती बापावर चालवायला विळा देते. क्रोनस बापाहून सावध, पाच मुलं तो स्वतःच्याच पोटात घालतो. सहाव्या वेळी, झ्यूसच्या जन्माला, त्याची बायको रिआ बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला धोंडा पुढे करते, तोही गिळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशाने डेल्फीच्या देवस्थानात एक लहानसा दगड पाहिला. लोक त्यावर रोज तेल ओतत, क्रोनसने गिळलेला तो हाच म्हणत.

वाचलेला झ्यूस तर गरोदर बायकोलाच, मेटिसला, गिळतो. तेव्हा 'सज्जनांचा विजय' असं उत्तर लिहाल तर फसाल. त्याची गादी टिकते ती वेगळ्या कारणाने. आधीच्यांनी कोंडलेल्यांना तो बाहेर काढतो. त्यांतले एकडोळे सायक्लोप्स त्याला वीज देतात. शंभर हातांचे तिघे भाऊ, टायटनांशी, म्हणजे क्रोनसच्या पिढीतल्या देवांशी, दहा वर्षं अडलेल्या लढाईत, तीनशे धोंडे भिरकावतात. मग देवच त्याला राज्य कर म्हणतात आणि तो प्रत्येकाची 'तिमे' वाटून देतो. कोशात याला 'सन्मान' म्हटलंय. मला 'मानपान' जास्त पटतो, कारण त्यात हक्कही येतो आणि रुसवाही.

दुसऱ्या सेमिनारला ओळींचे आकडे घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, 'बरं. कुमार्बी वाचलास?' मध्य तुर्कस्तानातल्या हत्तुशा या प्राचीन हित्ती राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची, कुमार्बी या देवाची ही कथा. कुमार्बी आकाशदेव अनूचं लिंग चावून तोडतो, गिळतो आणि त्याच्याच पोटात वादळदेव वाढू लागतो. पाट्या हेसिअडच्या कित्येक शतकं आधीच्या. माझी वंशावळ पुन्हा कोऱ्या कागदावर काढावी लागली.