एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यासाठी सकाळची खूण

शेजारी एखादी थकलेली वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल, तर ‘काही लागलं तर सांगा’ एवढे म्हणून थांबू नये, कारण ज्याला खरी गरज असते तो बहुधा संकोचाने गप्प राहतो. त्याऐवजी दोघांनी मिळून रोजची एक खूण ठरवावी: सकाळी 9 वाजेपर्यंत खिडकीचा पडदा सरकवलेला दिसला की सारे ठीक, आणि तो तसाच ओढलेला राहिला तर आधी फोन करावा, मग दार वाजवावे आणि तरीही उत्तर आले नाही, तर विश्वासाने सोपवलेल्या किल्लीने दार उघडावे. (आतून कडी लावलेली असेल तर किल्ली निरुपयोगी ठरते, हे आधीच बोलून घ्यावे.)

घरात पडल्यावर उठता न आल्यामुळे तासाहून अधिक काळ जमिनीवर काढावा लागला, तर हाड मोडलेले नसले तरी शरीरातले पाणी कमी होणे, अंग गार पडणे, दाबामुळे त्वचेला जखमा होणे आणि स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडांना इजा पोहोचणे, असे धोके संभवतात. डोक्याला मार लागला असेल किंवा कंबरेत तीव्र वेदना असतील, तर ओढून उभे करू नये. अंगावर पांघरूण घालून रुग्णवाहिका बोलवावी आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आवर्जून सांगावे.

आपणही त्यांच्याकडे एखादे लहानसे काम सोपवावे, म्हणजे मदत घेण्याचे ओझे त्यांना वाटत नाही.