आरटीआय टाकायचाय? आधी कागदाचं नाव शोधा

आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात खडी वर आली. मी तावातावात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, त्यात विचारलं की रस्ता इतका निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, आणि कारवाई कधी करणार. सत्ताविसाव्या दिवशी दोन ओळींचं पत्र आलं, "प्रश्नार्थक स्वरूपाची बाब असल्याने माहिती देता येत नाही." डोकं फिरलं, पण नंतर कायदा वाचला तर चूक माझीच होती. माहिती अधिकारात ऑफिसात जे रेकॉर्डला आहे ते मिळतं, साहेबाचं मत किंवा उत्तर नाही मिळत. म्हणजे "का" विचारायचंच नाही, ज्या कागदात ते "का" लपलंय तो कागद नाव घेऊन मागायचा. बाकी सगळी प्रोसेस यापुढं सोपी आहे.

तर आधी कागदाचं नाव. रस्ता, नाली, सभागृह, कोणतंही बांधकाम असो, त्याचे कागद ठरलेले असतात: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, पूर्णत्वाचा दाखला. यातली मोजमाप पुस्तिका, सगळे तिला एमबीच म्हणतात, ती सगळ्यात कामाची, कारण रस्ता किती लांब किती रुंद किती जाड केला हे इंजिनिअरनं मोजून सहीनिशी तिथं लिहिलेलं असतं आणि बिल त्यावरूनच निघतं. अतिवृष्टीच्या अनुदानात नाव आलं नसेल तर "माझं नाव का नाही" असं न विचारता गावाच्या पंचनाम्याची प्रत आणि मंजूर लाभार्थ्यांची यादी मागा (अनुदानाच्या लाभार्थ्यांची माहिती तर कलम 4 प्रमाणं ऑफिसनं स्वतःहूनच जाहीर करायची असते, करतंय कोण). पीक विम्याचं जरा वेगळंय, खाजगी विमा कंपनीकडं थेट अर्ज चालत नाही, पण आपल्या महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगाचे (शेतात पीक कापून उत्पादन मोजतात तो) आकडे सरकारी माणसांनीच घेतलेले असतात, ते तालुका कृषी कार्यालयाकडं मागता येतात.

आणि सातबारा, फेरफार, जुनं खासरा पाहणी पत्रक असलं काही पाहिजे असेल तर आरटीआयच्या नादी लागू नका, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला साधा नक्कल अर्ज टाका, लवकर मिळतं. आमच्याकडं लोक उगंच त्याच्यासाठी तीस दिवस थांबतात.

मग ऑफिस कोणतं. रस्त्याच्या कडेला कामाचा बोर्ड असला तर त्यावर योजना आणि यंत्रणा लिहिलेली असते. ग्रामपंचायतीचं काम असेल तर माहिती अधिकारी, म्हणजे ज्याच्या नावानं अर्ज करायचा तो, ग्रामसेवक, हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात अजून ग्रामसेवकच. जिल्हा परिषदेचं किंवा पीडब्ल्यूडीचं काम असलं तर अर्ज तिकडं. चुकीच्या ऑफिसात गेला तरी घाबरू नका, कलम 6(3) प्रमाणं त्यांनीच 5 दिवसात योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, फक्त त्यात वेळ जातो.

अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र अ, कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडं मिळतो नाहीतर साध्या कागदावर तेच मुद्दे लिहा. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रस्ता आणि घरकुल एकाच अर्जात कोंबू नका, दुसरा अर्ज टाका, दहा रुपयाचाच तर प्रश्न आहे. माझा दुसरा अर्ज, जो चालला, तो साधारण असा होता:

विषय: वॉर्ड क्र. 2 मधील सिमेंट रस्त्याचे काम.
कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024.
तपशील: वरील कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली सर्व देयके व पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.
माहिती व्यक्तिशः घेऊन जाईन.

बस, एवढंच. कालावधी नक्की टाका, "आजपर्यंतची सगळी माहिती" असं लिहिलं की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" म्हणायला त्यांना आयती जागा मिळते. अर्ज स्वतःच्या नावानं करा, मंडळाच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर नको, हा हक्क नागरिकाचा आहे.

फी 10 रुपये, सगळ्यात सोपं म्हणजे अर्जावर कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, तहसीलबाहेर स्टॅम्प वेंडरकडं मिळतं. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पुराव्याची झेरॉक्स जोडा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची असं कायद्यातच आहे, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी सांगतच नाही.

अर्ज आवक-जावकला द्या आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. माझ्या वेळेस टेबलावरच्या भाऊंनी अर्ज उलटा सुलटा करून विचारलं, "कामून पाहिजे हो हे तुम्हाला?" मी म्हणलं, "कारण सांगायची गरज नाही भाऊ, कलम 6(2)." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. भांडायची गरज पडली नाही, पण कलम पाठ पाहिजे. घ्यायलाच तयार नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही होतं, तिथं तुमचं ऑफिस यादीत आहे का तेवढं बघा.

केंद्राचं ऑफिस असलं, म्हणजे पोस्ट, सरकारी बँक, बीएसएनएल, किंवा आपली रेल्वे (नांदेड डिव्हिजन दक्षिण मध्य रेल्वेत येतं, मुख्यालय सिकंदराबादला), तर तिथं कोर्ट फी तिकीट चालत नाही, 10 रुपयाची पोस्टल ऑर्डर लावा नाहीतर केंद्राच्या पोर्टलवरून भरा.

आता 30 दिवस थांबायचं. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. मधे पत्र येतं की इतकी पानं झाली, इतके पैसे भरा, एका पानाला 2 रुपये. माझी 38 पानं झाली, 76 रुपये भरले, पावती घेतली. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसात धरत नाहीत, म्हणून भरायला उशीर करू नका. आणि मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, कलम 7(6).

फाईल मोठी असेल तर प्रती मागण्याआधी नुसती बघायला मागा, पहिला तास फुकट असतो, वही पेन घेऊन जा. 2018 च्या एका शासन निर्णयाप्रमाणं जिल्हास्तरीय ऑफिसं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 रेकॉर्ड बघायला खुलं ठेवायचं आहे. खूप ठिकाणी हे कुणाला माहितच नसतं, तुम्ही निर्णयाची प्रिंट खिशात ठेवा. बांधकामाच्या मटेरियलचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, हे मला फार उशिरा कळलं.

उत्तरच आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपयाचं तिकीट. मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसात करा. अपील त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडं जातं, त्याचं नाव उत्तराच्या पत्रात असायलाच पाहिजे. त्यांनी 30, फार तर 45 दिवसात निकाल द्यायचा. सुनावणीला बोलावलं तर जा, बरेचदा तिथंच टेबलावर कागद येतात. "माहिती उपलब्ध नाही" म्हणाले तर रेकॉर्ड नष्ट केल्याचा आदेश आणि नोंदवहीची प्रत मागायची, बरेचदा मग फाईल सापडते.

त्यावरही नाही झालं तर 90 दिवसात दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, मराठवाड्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. तिथं लवकर नंबर लागेल अशी आशा ठेवू नका. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो, पण ते पैसे तुम्हाला मिळत नाहीत, काही लोकांना तसं वाटतं.

कुणाचं सर्व्हिस बुक, कुणाच्या घरचं मागू नका, वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अर्ज अडकतो आणि गावात वैर होतं ते वेगळंच. एकाच ऑफिसला दर आठवड्याला पाच पाच अर्ज टाकणारे पण बघितलेत मी, त्यांच्यामुळं खऱ्या माणसाचा अर्ज पण साहेब संशयानं बघतो.

माझ्या 38 पानात एमबीचं पान होतं, जाडी लिहिलेली 15 सेंटिमीटर. शेजारच्या काकांनी रस्ता जिथं फुटलाय तिथं टेप लावला तर 9 भरली. आरटीआयनं कागद मिळतो, कारवाई नाही, म्हणून तक्रार वेगळी द्यावी लागते, ती मी एमबीचं पान जोडून गटविकास अधिकाऱ्याकडं दिली आणि पोच घेतली. दोन महिने झाले, काही नाही. आता "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीच्या टिपण्या" असा नवीन अर्ज लिहून ठेवलाय, तिकीट पण आणलंय, सोमवारी तालुक्याला जायचंय तेव्हा टाकून येतो.