पेंटबॉलसाठी ‘वायर कापा’ पेटी कशी बनवावी

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी पेंटबॉलचा, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाचा, पहिला डाव खेळला, तेव्हा काम एवढंच होतं: झेंडे गोळा करायचे आणि रंग चुकवायचा. झेंड्याचा खेळ अजूनही रंगतो. पण एका संघाने पेटी राखायची, दुसऱ्याने तिथवर पोहोचून नेमकी वायर कापायची आणि घड्याळ मात्र उलटं धावत राहणार, असा डाव एकदा खेळलेली मंडळी पुढच्या वेळी तोच मागतात.

अशी पेटी बनवणं अवघड नाही. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर) एलईडी लुकलुकवून झाला असेल, तर एवढं भांडवल पुरतं. अडचण वेगळीच असते. बहुतेक जण दिवे, आवाज आणि भीतिदायक रूप यांच्यामागे लागतात, आणि मैदानात पेटीवर एक गोळी बसली की वायर न कापताच सायरन बोंबलतो. पेटीने एकदा खोटी बोंब मारली की त्या दिवशी तिचा निकाल कोणी मानत नाही. म्हणून इथे सगळा भर पेटी खोटं बोलणार नाही यावर आहे.

आधी डाव ठरवा

सहा वायर, त्यातली एक बरोबर. नुसतं एवढंच ठेवलं तर ती सोडत झाली. पळत, रांगत, अंगावर रंग झेलत पेटीपर्यंत आलेल्या खेळाडूने शेवटी नशिबावर कात्री चालवायची, यात मजा नाही. त्याला काहीतरी शोधून आणायला लावा.

मैदानात तीन ठिकाणी तीन पत्ते, म्हणजे सूचना लिहिलेली कार्डं, ठेवा. समजा बरोबर वायर पाचवी आहे. पहिल्या पत्त्यावर लिहा, ‘सम आकड्याची नाही’. उरल्या १, ३, ५. दुसऱ्यावर, ‘कडेची नाही’. उरल्या ३ आणि ५. तिसऱ्यावर, ‘चारच्या पुढची आहे’. एकही पत्ता न शोधता आलेल्याला सहात एक संधी, पहिला पत्ता हाती असेल तर तिनात एक, पहिले दोन असतील तर निम्मी, आणि तिन्ही असतील तर खात्री. आता संघाला आपसात ठरवावं लागतं: वेळ घालवून तिसरा पत्ता शोधायचा की दोनावरच धाव घ्यायची? खरा खेळ इथे सुरू होतो.

चुकीची वायर कापली की लगेच खेळ खलास, हा नियम मला पटत नाही. पहिल्या चुकीला उरलेला वेळ निम्मा करा, दुसऱ्या चुकीला सायरन. आठ मिनिटांचे चार होतात तेव्हा दोन्ही संघांची जी धांदल उडते, ती बघण्यासारखी असते.

साहित्य

आर्डुइनो नॅनो, टीएम१६३७ चिपवरचा चार आकडी डिस्प्ले, ६ ते १४ व्होल्टवर चालणारा पिझो सायरन, तो चालवायला एक लॉजिक लेव्हल मॉस्फेट (नॅनोच्या ५ व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), ५ व्होल्टचं बक कन्व्हर्टर मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून देणारं), बारा स्प्रिंग टर्मिनल (स्पीकरच्या मागे दाबून वायर अडकवायची असतात ती), एक रीड स्विच (चुंबक जवळ आणला की जोडला जाणारा), एक लोहचुंबक, झिरो पीसीबी (भोकांची कोरी सर्किट पट्टी) आणि किरकोळ रेझिस्टर-कपॅसिटर.

बोर्डवर बसणारा छोटा बझर टेबलावर कर्कश्श वाटतो; उघड्यावर, मास्क लावलेल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. सायरनच घ्या.

वीज कुठून घ्यायची हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पॉवर बँक सोपी वाटते, पण बऱ्याच पॉवर बँका कमी करंट ओढला जातोय असं दिसलं की ‘चार्जिंग संपलं’ असं समजून बंद पडतात, आणि आपली पेटी करंट ओढते तोच मुळी थोडा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी सायरनपुढे टिकत नाही. एए आकाराचे आठ रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल सिरीजमध्ये लावा. त्यातून साधारण ९.६ व्होल्ट मिळतात. सायरनला ते थेट द्या, नॅनोला बक मॉड्यूलमधून ५ व्होल्ट करून.

कापायच्या वायरसाठी नेटवर्क केबल सोलून घ्या. आत आठ रंगांच्या बारीक तांब्याच्या वायर मिळतात आणि त्या स्प्रिंग टर्मिनलमध्ये चपखल बसतात. केबल मात्र एकेरी तारेची बघून घ्या. बारीक तारांच्या जुडग्याची वायर टर्मिनलमध्ये पसरते.

वायरचं सर्किट

तत्त्व साधं आहे. प्रत्येक वायरचं एक टोक नॅनोच्या पिनला, दुसरं ग्राउंडला. वायर सलग आहे तोवर पिन शून्यावर. कापली की पुलअप रेझिस्टर पिनला ५ व्होल्टवर खेचतो आणि नॅनोला कळतं. सहा वायरसाठी २ ते ७ क्रमांकाच्या पिना वापरा.

नॅनोच्या आत पुलअप असतोच, तोच वापरावा असा मोह होतो. तो २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे फारच कमजोर. पेंटबॉलमधला रंग पाण्यात मिसळणारा असतो, आणि असा ओला रंग टर्मिनलवर सांडला की त्यातून थोडी वीज वाहते. वायर कापली गेली, पण रंगाच्या थारोळ्यातून जोडणी राहिली, तर नॅनोला वायर अजून शाबूत वाटते. म्हणून बाहेरून २.२ किलोओहमचा पुलअप लावा. आता पेटीला फसवायचं तर त्या ओल्या रंगाचा रोध दोन-तीन किलोओहमच्या खाली यावा लागेल, आणि सांडलेल्या रंगात तसं होणं कठीण. बदल्यात प्रत्येक वायरमागे जेमतेम सव्वादोन मिलिअँपिअर खर्च होतात.

प्रत्येक पिनच्या तोंडाशी एक किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. हातातली स्थिर वीज आणि वॉकीटॉकीचा गोंगाट तिथेच अडतो.

या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. बाहेर लोंबणाऱ्या वायरमध्ये बॅटरीची वीज थेट येतच नाही. मध्ये रेझिस्टर असतो. कटरची पाती दोन वायरना एकदम लागली तरी काही जळत नाही. बॅटरीची कोणतीही वायर पेटीच्या बाहेर आणू नका, आणि घरातल्या मेन्सच्या विजेचा तर विषयच नको.

सायरनच्या मॉस्फेटवर गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहम टाका, नाहीतर पेटी चालू करताना, पिन क्षणभर अधांतरी असते तेव्हा, सायरन किंचाळतो. ५ व्होल्टच्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही हवा. सायरन सुरू होताना व्होल्टेज क्षणभर घसरतं, नॅनो रीसेट होतो आणि घड्याळ पुन्हा आठ मिनिटांवर जाऊन बसतं. अशा वेळी रेफरीची अवस्था विचारू नका.

प्रोग्राममध्ये काय असावं

कोड लांबलचक नसतो. वेळ मोजायला ‘डिले’ ही थांबण्याची आज्ञा वापरू नका. डिले चालू असताना नॅनो वायरींकडे बघत नाही. ‘मिलिस’ने, म्हणजे नॅनो चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनने, मोजा. नॅनोचं घड्याळ मनगटी घड्याळाइतकं काटेकोर नसतं, आठ-दहा मिनिटांत फार तर दोन-तीन सेकंद इकडे-तिकडे. खेळाला तेवढं चालतं.

खरी काळजी पुढच्या गोष्टींची.

पिन ५ व्होल्टवर गेली की लगेच ‘कापली’ म्हणू नका. सलग ५० मिलिसेकंद तशीच राहिली तरच माना. ०.६८ कॅलिबरची (०.६८ इंच व्यासाची) गोळी मैदानांवर सहसा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, या कमाल वेगापर्यंत सोडू देतात. ती पेटीवर बसली की टर्मिनलमधली वायर क्षणभर थरथरते. खोट्या सायरनचं मूळ बहुधा इथेच असतं.

एकदा ‘कापली’ म्हटलं की निर्णय पक्का. तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना लागली, किंवा कोणी मुद्दाम लावली, तरी ती वायर कापलेलीच.

कोणीतरी घाईत दोन-तीन वायर एकाच झटक्यात कापतो. त्यासाठी नियम हवा: अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर आणि चूक अशा दोन्ही कापल्या गेल्या, तर चूक धरायची. हे लिहिलं नाही, तर सगळ्या वायर मुठीत धरून कापणं हीच सर्वांत हुशार चाल ठरते.

डाव सुरू करताना सहाही वायर जोडलेल्या आहेत का ते पेटीने स्वतः तपासावं. एखादी सैल असेल तर घड्याळ सुरूच न करता तिचा नंबर डिस्प्लेवर दाखवावा. मला विचाराल तर पूर्ण प्रोग्राममधला सर्वांत कामाचा भाग हाच, कारण प्रत्येक डावानंतर वायर बदलाव्या लागतात आणि घाईत एखादी नीट बसत नाही.

वीज जाऊन आली तर पेटीने आपोआप नवा डाव सुरू करू नये. डिस्प्लेवर चार आडव्या रेघा दाखवून रेफरीची वाट बघावी.

बरोबर वायर कोणती, हे पेटीलाच ठरवू द्या. सुरुवातीचा चुंबक रेफरीने ज्या क्षणी लावला त्या क्षणीच्या ‘मायक्रोस’च्या (चालू झाल्यापासूनच्या मायक्रोसेकंदांच्या) आकड्याला सहाने भागून जी बाकी उरते, ती बेभरवशाची असते. ‘मायक्रोस’ चार-चारच्या टप्प्याने वाढतं, म्हणून आधी चारने भागून घ्या, नाहीतर बाकी सम आकड्यांतच अडकते. बाकीत एक मिळवला की वायरचा नंबर. तो पाच सेकंद डिस्प्लेवर दाखवा. रेफरीने पाहून घ्यायचा, त्याप्रमाणे पत्ते ठेवून यायचे आणि दुसऱ्यांदा चुंबक लावून घड्याळ सुरू करायचं.

पेटी

जाड प्लॅस्टिकचा, रबरी कडेचा वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स घ्या. डिस्प्लेसमोर ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेटची पट्टी लावा. अॅक्रिलिक दिसतं तसंच, पण गोळीच्या माराने तडकतं; मास्कच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात त्या उगाच नाही. डिस्प्ले दोन-तीन सेंटिमीटर आत बसवून वर छोटी छपरी काढा, म्हणजे उन्हातही आकडे वाचता येतात.

टर्मिनल खालच्या तोंडाने लावा, ओघळणारा रंग आत जाणार नाही. प्रत्येक वायर साधारण १५ सेंटिमीटरची, बाहेर कमान करून राहील अशी, आणि दोन कमानींमध्ये निदान दोन सेंटिमीटरचं अंतर. हातमोजे घातलेल्या हाताला तेवढी जागा लागते. वायर रंगाने ओळखायला लावू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडू असतात, शिवाय रंगीत काचेच्या मास्कमधून सगळ्यांचाच गोंधळ उडतो. वायरशेजारी ठळक आकडे रंगवा.

डाव सुरू करायच्या बटणासाठी भोक पाडायची गरज नाही. रीड स्विच आतल्या भिंतीला चिकटवा आणि चुंबक रेफरीच्या खिशात राहू द्या.

ती बॉम्बसारखी दिसू नये

इथे हौशीला आवर घाला. डायनामाइटच्या नळकांड्या, पिठूळ गोळे, चिकटपट्टीत गुंडाळलेले पाइप यांतलं काहीही नको. ३१ जानेवारी २००७ रोजी बॉस्टन शहरात एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी लावलेल्या एलईडी पाट्यांनी पोलिसांची धावपळ उडवली होती. पाट्यांवर होते फक्त दिवे, सेल आणि वायर, तरी रस्ते आणि पूल बंद करावे लागले. तुमच्या पेटीवर तर उलटं चालणारं घड्याळही आहे.

पेटी भडक पिवळी किंवा पोपटी रंगवा. चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘खेळाचे साहित्य’ लिहा. मैदानाबाहेर नेताना सेल आणि कमानी काढून, बंद टूलबॉक्समध्ये ठेवून न्या. विमानात, रेल्वेत, बसमध्ये नको. मैदानाच्या मालकाला आधी दाखवा. डाव संपल्यावर पेटी झुडपात विसरून जाऊ नका. फटाके, धूर, ठिणगी यांतलं काही जोडू नका. सायरन आणि दिवा पुरे.

मैदानात

कटर बोथट टोकाचा, मोठ्या मुठीचा असावा आणि अर्धा मीटर दोरीने पेटीलाच बांधलेला. खिशात धारदार हत्यार घेऊन कोणी पळू नये. वायर कमानीच्या मधोमध कापायची. टोकाशी कापली तर बारीक तुकडा उडतो. आणि नीट दिसत नाही म्हणून कोणीही मास्क वर करायचा नाही, वायर कापतानाही नाही. हा नियम डावाआधी रेफरीने मोठ्याने सांगावा.

पेटी आडोशामागे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ठेवा. कापणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्याच्यावर अगदी जवळून मारा होऊ नये म्हणून पेटीभोवती काही मीटरचं वर्तुळ आखा आणि आतल्या माणसाला गोळी न मारता ‘बाद’ म्हणून पुकारायचं ठरवा.

पहिल्या खऱ्या डावाआधी एक चाचणी: डाव सुरू करून पेटी जोरात हलवा, झाकणावर थापा मारा, टर्मिनलवर पाण्याचा फवारा मारा. घड्याळ शांतपणे चालत राहिलं पाहिजे. मग सहाही वायर एकेक करून कापा आणि प्रत्येकीचा परिणाम कागदावर टिपा. एका डावाला सहा वायर लागू शकतात, तेव्हा टोकं सोललेले तुकडे आधीच गठ्ठ्याने तयार ठेवा.

खेळ झाल्यावर रंग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. थिनर किंवा अॅसिटोन लावलं तर पॉलिकार्बोनेटवर बारीक भेगा पडतात. पुढचा डाव आठवड्याभराने असेल तर सेल काढून ठेवा.