रुग्णवाहिका येईपर्यंत औषध कसे द्यावे, आणि केव्हा देऊ नये

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. उपाशीपोटी दिवे घाट चढणारा एखादा वयस्कर वारकरी घामाने निथळू लागला, त्याचे हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, की भोवतालची मंडळी ‘ऊन लागले’ असे म्हणून मोकळी होतात. उपचार पथकातल्या स्वयंसेवकाने मात्र आधी विचारावे, ‘माउली, सकाळी साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी घेतलीत का? त्यावर काही खाल्लेत का?’ कारण ही लक्षणे रक्तातली साखर उतरल्याचीही असू शकतात. औषधांची पिशवी उघडण्याची वेळ या प्रश्नानंतर येते.

सर्वप्रथम १०८ ला फोन लावावा. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या या सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. आपले काम तो पोहोचेपर्यंतचेच आहे. एकजण फोनवर असताना दुसऱ्याने रुग्णाला विचारावे, की कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधीचा आजार कोणता, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि शेवटचे कधी खाल्ले. झोळीत गोळ्यांची पट्टी सापडली, तर ठळक अक्षरांतल्या नावावर विसंबू नये. खाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदत वाचावी. सारख्या उच्चाराची नावे आपल्याकडे इतकी आहेत, की मुरलेल्या दुकानदारालाही चष्मा सावरावा लागतो. ‘मला याच गोळीने उतार पडला’ असे म्हणून कोणी आपली गोळी पुढे केली, तर ती नम्रपणे परत करावी.

औषध कोणत्या वाटेने द्यायचे, यावर त्याचा वेग ठरतो. गिळलेली गोळी पोट, आतडे आणि यकृत असा फेरा घेऊन रक्तात पोहोचते, आणि त्या फेऱ्यात काही औषधांचा बराच भाग यकृतातच निकामी होतो. जिभेखालची गोळी हा फेरा टाळून तिथल्या रक्तवाहिन्यांतून थेट रक्तात उतरते, म्हणून ती गिळायची नसते. दम्याच्या पंपातले औषध तर थेट श्वासनलिकांवरच पडते.

घाटातल्या वारकऱ्याची साखर ग्लुकोमीटरवर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी दिसली, किंवा यंत्रच नसले पण लक्षणे तशीच असली, आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असला, तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साधी साखरही चालते, परंतु रुग्णाच्या गोळीत व्होग्लिबोज असेल तर साखरेचे पचन लांबते; अशा वेळी ग्लुकोजच हवे. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो, म्हणून तरतरी आल्यावरही खायला घालावे, उपवासाची भीड बाळगू नये आणि त्याला एकट्याने पुढे जाऊ देऊ नये. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे.

सिंहगड चढताना छातीवर दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर रुग्णाला आहे तिथेच बसवावे. ॲलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्राव यांपैकी काही नसल्यास १०८ वरील डॉक्टरांच्या सल्ल्याने ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चघळायला द्यावी. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटण्याचे काम ती रोखते आणि चघळल्याने लवकर लागू पडते. सॉर्बिट्रेट या हृदयविकाराच्या कळेवरील गोळीबाबत अधिक सावध राहावे. डॉक्टरांनी रुग्णाला लिहून दिलेली असेल तरच ती, बसलेल्या स्थितीत, जिभेखाली ठेवू द्यावी, कारण ती रक्तदाब एकदम उतरवते. रक्तदाब आधीच कमी असेल, किंवा गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल वा टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतलेली असेल, तर ती जिवावर बेतू शकते. मुलादेखत वडिलांना हे विचारणे अवघड जाते. मुलाला रुग्णवाहिकेला वाट दाखवायला पाठवावे आणि मग स्पष्ट विचारावे. तोंड वाकडे झाले असेल किंवा एक हात लुळा पडला असेल, तर ॲस्पिरिन देऊ नये, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

दम्याच्या रुग्णाला त्याचाच सालब्युटामॉलचा पंप, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, एका वेळी एकच फवारा याप्रमाणे द्यावा. गांधीलमाशीच्या दंशाने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनॅलिन द्यावे लागते. ते इंजेक्शन प्रशिक्षित व्यक्तीनेच द्यावे.

औषध दिल्याबरोबर नोंद करावी. कागद नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा रुग्णाच्या सदऱ्यावर लावून त्यावर ‘ॲस्पिरिन ३२५, सकाळी ७:४०’ असे पेनने लिहावे आणि रिकामी पट्टी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हाती द्यावी, म्हणजे तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाणार नाही.