वारस नोंदीत आई-बहिणींची नावं सुटू नयेत म्हणून

रानात राबते ती, सातबारा मात्र मुलाच्या नाहीतर भावाच्या नावावर. हे बहुतेक वेळा ठरतं ते खातेदार वारल्यावर केलेल्या वारस नोंदीच्या अर्जात.

अर्जाआधी वारस मोजा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या हिश्शात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. सगळ्यात जास्त विसरली जाते ती आजी. लग्न झालेली मुलगी वारस असतेच. ती आधी वारली असेल तर तिची मुलं येतात. वडिलोपार्जित जमिनीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरते. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं.

अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर करायचा. मुदत तीन महिन्यांची, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या गटांचे सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा) आणि सर्व वारसांची नावं, वय, पत्ता, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. एखादा गट राहून गेला तर त्यावर मयताचंच नाव राहतं, म्हणून आठ-अ समोर ठेवून गट ताडून पाहा.

घोळ होतो तो प्रतिज्ञापत्रात. भाऊ परस्पर वंशावळ लिहून देतात आणि बहिणी गळतात. बहिणीने सहीआधी ते स्वतः वाचावं, नाहीतर वाचून घ्यावं. दुसरी अडचण नावाची: आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. दोन्ही कागद जोडा आणि अर्जात दोन्ही नावं लिहा.

यानंतर चौकशी होऊन वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंद होते. मग फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला १५ दिवस असतात. बहिणीचा पत्ता माहेरचा दिला तर नोटीस भावाच्याच हातात पडते! पत्ता सासरचाच द्या. नाव सुटलेलं दिसलं तर याच मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फेरफार प्रमाणित झाल्यावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील करता येतं, पण ती वाट लांबची.

हक्कसोडपत्राची घाई करू नये. स्टॅम्प पेपरवर किंवा तलाठ्यासमोर ‘मला हिस्सा नको’ असा जबाब देऊन हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. आणि एकदा नोंदणी झाली की तो दस्त एकतर्फी मागे घेता येत नाही. साडीचोळीवर सही मागितली जाते ती बहुधा दहाव्या-तेराव्यालाच. आधी नाव लागू द्यावं, मग सोडायचं की नाही ते तिने ठरवावं. सोडायचंच असेल तर ते आईच्या लाभातही सोडता येतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

नवा सातबारा हाती आला की बायकांची नावं कुठे आहेत ते बघा. ती भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून हवीत. ‘इतर हक्क’ या रकान्यात नाव टाकून काम झालं असं सांगितलं, तर फसू नका. एकट्या भावाचं नाव ‘एकत्र कुटुंब कर्ता’ म्हणून लागलं असेल, तर बाकीच्या वारसांची नावं लावण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. पीक कर्ज मागायला गेलं की बँक भोगवटादाराचंच नाव पाहते.