चिऱ्याच्या भिंतीची ओल काढण्यापूर्वी: तयारीची यादी

राजापूर तालुक्यातील आमचे चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, घर शंभर वर्षांहून जुने असून खाडी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. काही वर्षांपूर्वी माजघराच्या भिंतींना चढलेली ओल काढण्याचे काम मी करवून घेतले आणि ते फसले, कारण गिलाव्याची रेती खाडीतली आहे की नदीतली, एवढी एक गोष्ट मी विचारली नाही. पहिल्याच आषाढात नव्या गिलाव्यावर डोक्याच्या उंचीपर्यंत काळपट डाग उमटले, मार्गशीर्षात ते वाळून नाहीसे झाले आणि पुढच्या आषाढात त्याच जागी परतले. जमिनीतली ओल तितक्या वर कधीच पोहोचत नव्हती; तो ओलावा गिलाव्यातल्या मिठाने हवेतून ओढलेला होता. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ पाणी ओढून विरघळू लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर भर पावसात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. आता ओटीच्या भिंती हाती घ्यायच्या आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ आणि न्हाणीची गळती आधी पाहून घ्यावी, हे सांगायला नको. जमिनीतून चढलेली ओल बहुधा जोत्यापासून कमरेपर्यंत सलग पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटून आलेल्या मिठाची, पांढरी रेघ असते. ओल मोजण्याचे विजेवर चालणारे यंत्र भिंतीत मीठ असल्यास फसवे आकडे दाखवते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर निर्णय करू नये.

त्यानंतर बाहेरच्या जमिनीची पातळी तपासावी. दरवर्षी अंगणात माती टाकून, वर कोबा करून आपण जोते हळूहळू पुरून टाकलेले असते. बाहेरची जमीन आतल्या तळापेक्षा निदान वीतभर खाली हवी, भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा कोबा फोडायला हवा आणि पागोळ्यांचे पाणी दूर जाईल असा उतार देऊन तेथे खडीचा चर काढायला हवा. जांभा सच्छिद्र असतो, जुन्या भिंतींत ओल अडवणारा थर नसतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे काम टाळून पुढचे काहीही टिकत नाही. भिंतीला भोके पाडून औषध भरण्याचा सल्ला हटकून मिळतो. मातीत रचलेल्या जाड भिंतीत ते सारखे पसरेल याची खात्री नसते, म्हणून निदान सुरुवात तरी त्याने करू नये.

सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत काढून टाकावा. सिमेंट भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडू देत नाही आणि ते पाणी आतून आणखी वर चढते. काढलेला मलबा त्याच दिवशी घराबाहेर न्यावा, कारण त्यात मीठ भरलेले असते. तो जोत्याशी टाकला तर पहिल्याच पावसात तेच मीठ परत भिंतीत जाईल. चिऱ्यांवरचे लोणे कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावे. ते पाण्याने धुऊ नये. जुनी भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना असा आहे, म्हणजे दीड फुटी भिंतीला सुमारे १८ महिने लागतात. एक पावसाळा आतली भिंत उघडीच राहील, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

आता रेती. रेती कोठून काढली हे भरतीचे पाणी जेथवर चढते त्या हिशेबाने विचारावे, कारण ‘नदीची आहे’ एवढ्या उत्तराने काही कळत नाही. नदीच्या मुखाशी मिळणारी रेतीही खारीच असते. मूठभर रेती शुद्ध केलेल्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, ढवळून गाळावी आणि गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाकावेत. दह्यासारखा पांढरा साका आला तर रेतीत मीठ आहे. तशी रेती परत पाठवावी. ते शक्यच नसेल तर साका येणे थांबेपर्यंत धुवावी, आणि प्रत्येक खेपेची चाचणी वेगळी करावी, कारण पहिली खेप चांगली निघाली म्हणून दुसरी चांगली असेलच असे नाही. ज्या विहिरीच्या पाण्याने रेती धुणार, चुना भिजवणार आणि गिलावा ओला ठेवणार, त्या पाण्याचीही हीच चाचणी करावी. खाडीकाठच्या विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात आणि आपले काम नेमके त्याच दिवसांत चालते. शिंपल्यांचा चुना घेणार असाल तर शिंपले भाजण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुतले होते का, हेही विचारावे. गवंडी घाई करील, टेम्पोवाला दारात उभा असेल, तरीही चाचणी होईपर्यंत रेती उतरवून घेऊ नये. मी ती उतरवून घेतली होती.

गिलाव्याला मुरवलेला चुना एक भाग आणि रेती तीन भाग घ्यावी, आणि त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालावी. थर पातळ ठेवावेत. गोणपाट लावून गिलावा काही दिवस ओलसर ठेवावा, कडक उन्हापासून जपावा. सफेदी चुन्याचीच द्यावी, प्लास्टिक पेंट नको. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. हे सर्व मिरगाच्या बरेच आधी आटोपावे. आणि शेवटी कोपरे भरायला म्हणून मागाहून जी दोन घमेली रेती आणली जाते, तिचीही चाचणी करावी.