खाऱ्या पाण्याच्या टाकीला पंप निवडताना या चुका टाळा

गुरुवार होता, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाणारच. दुपारी ऑफिसात आईचा फोन आला, "अरे, तुझा समुद्र हॉलमध्ये आलाय." घरी पोचलो तर सतरंजी गच्च भिजलेली, आई पोछा पिळत बसलेली आणि टाकीतले दोन्ही क्लाउनफिश मजेत. चूक कुठे झाली ते कळायला संध्याकाळ गेली. पण तिच्यामागे आणखी तीन-चार चुका रांगेत उभ्या होत्या, आणि सगळ्यांचं मूळ एकच होतं: पंप घेताना मी फक्त खोक्यावरचा आकडा वाचला होता.

खोक्यावरचा आकडा खरा मानणं

माझी टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. रिटर्न पंपावर, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतलं पाणी परत वर चढवणाऱ्या पंपावर, लिहिलेलं, ताशी ३००० लिटर. हा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवायचं नसतं तेव्हाचा. सोसायटीच्या पंपाला जो न्याय तोच इथे: तळातल्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवताना जोर जातो, तसाच कॅबिनेटमधल्या संपमधून (तीच गाळणीची टाकी) वर टाकीत चढवतानाही जातो. त्यात प्रत्येक एल्बो (पाइपचं वळण), प्रत्येक व्हॉल्व्ह आणि बारीक पाइप आपापला वाटा खातात. पुण्याच्या बोहरी आळीतून हौसेने आणलेले पाच एल्बो मी लावले होते. दोन पुरले असते.

खरा प्रवाह मोजायला बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरा, भरायला लागलेले सेकंद मोजा आणि ३६,००० ला त्या सेकंदांनी भागा. ताशी लिटर मिळतील. माझी बादली २५ सेकंदांत भरली, म्हणजे १,४४०. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मेही नाही! गंमत म्हणजे तेवढं पुरेसं होतं.

एकाच पंपाकडून दोन कामं करून घेणं

कारण संपमधून फिरणारं पाणी वेगळं आणि टाकीच्या आत घुसळणारं पाणी वेगळं. नवखे लोक (मीही) या दोन्हींचा हिशेब एकत्र करतात आणि मग 'टाकीच्या वीसपट प्रवाह हवा' असं कुठेतरी ऐकून भलामोठा रिटर्न पंप उचलून आणतात.

संपमधून तासाला टाकीच्या चार-पाचपट पाणी गेलं तरी बहुतेक घरगुती टाक्यांना भागतं. दहापटीच्या वर जायचं सहसा कारण नसतं. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) स्वतःच्या पंपाने ओढेल तेवढंच पाणी साफ करतो. तो तासाला ६०० लिटर ओढत असेल आणि तुम्ही संपमधून २,५०० लिटर पळवलंत, तर तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी नुसतं शेजारून निघून जातं. वर बुडबुडे टाकीत येतात, ओव्हरफ्लोचा (वरच्या टाकीतून संपमध्ये पाणी उतरवणारा) पाइप रात्रभर गुळण्या करतो, फिल्टरचा मोजा (कापडी गाळणी) दोन दिवसांत तुंबतो. जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर त्यातून पाणी आणखी सावकाश जायला हवं, आणि चिलरची (पाणी गार ठेवणारं यंत्र) स्वतःची कमाल-किमान मर्यादा असते. दोन्हींसाठी वेगळी शाखा काढून तिच्यावर बॉल व्हॉल्व्ह बसवणं सोपं.

टाकीतली घुसळण हे वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीच्या आत बसवलेल्या, झोत सोडणाऱ्या पंपाचं काम. फक्त मासे असतील तर टाकीच्या दहा ते वीसपट ठीक. मऊ प्रवाळांनाही जवळपास तेवढंच. अक्रोपोरासारख्या काटेरी फांद्यांच्या प्रवाळांना तीस-चाळीसपट किंवा त्याहून जास्त. (आपल्या किनाऱ्यावरची कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कुणी 'लोकल पीस' म्हणून दाखवलं तर लांबूनच नमस्कार करा.) पण पटींपेक्षा दिशा महत्त्वाची. वेव्हमेकरचा झोत थेट टॉर्च किंवा हॅमर कोरलवर (मांसल शुंडकांची प्रवाळं) सोडलात तर त्याचं मांस सांगाड्यावरून सुटतं. झोत समोरच्या काचेवर किंवा दुसऱ्या वेव्हमेकरच्या झोतावर आपटू द्या, म्हणजे तो फुटून पसरतो.

टाकी स्वतःच सांगते. दगडामागे वाळूवर लाल-किरमिजी साय धरली तर तिथे पाणी पोचत नाही. मात्र खाणं जास्त पडत असेल तर नुसत्या प्रवाहाने ती जाणार नाही. पृष्ठभागावर तेलकट तवंग आला तर एक झोत वर वळवा. कोपऱ्यात वाळू उडून काच उघडी पडली किंवा मासे दिवसभर दगडाआड बसले, तर जोर जास्त झाला.

आता त्या गुरुवारबद्दल

माझ्या रिटर्नचं तोंड पाण्याखाली सहा सेंटिमीटर होतं. पंप थांबला की डब्यातून नळीने रॉकेल काढतात तसं पाणी उलटं खाली ओढलं जातं, तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या टाकीत एका सेंटिमीटरला साडेपाच लिटर, म्हणजे तेहेतीस लिटर खाली आले. संपमध्ये जागा होती वीसची. उरलेलं सतरंजीवर.

उपाय साधा आहे. तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, किंवा पाइपला पाण्याच्या रेषेलगत बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक महिन्यातून एकदा दात कोरायच्या काडीने साफ करा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) भिस्त ठेवू नका. चुना किंवा वाळूचा एक कण अडकला की तो पूर्ण मिटत नाही. मग रविवारी स्वतः समोर बसून पंप बंद करा आणि पाणी संपमध्ये कुठवर चढतं तिथे मार्करने रेघ मारा. रोजची पातळी त्या हिशेबाने ठेवा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर घ्या, रिटर्न पंप नाही. लहान वेव्हमेकर फार वीज खात नाही, आणि माशांना त्या घडीला गाळण्यापेक्षा ऑक्सिजनची गरज जास्त.

एप्रिलमधला फसवा बिघाड

उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की माझ्याकडे रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. वरची टाकी भरलेलीच दिसते, कारण ओव्हरफ्लोमुळे तिची पातळी हलत नाही; सगळी घट संपच्या शेवटच्या कप्प्यात होते. मग पंप हवा ओढतो, टाकीत बारीक बुडबुडे येतात, आणि आपण 'प्रवाह जास्त झाला' म्हणून व्हॉल्व्ह आवळत बसतो. व्हॉल्व्हला हात न लावता आरओचं गोडं पाणी घाला. मिठाचं नको, मीठ उडून गेलेलं नसतं.

सहा महिन्यांनी पुन्हा बादली लावली तेव्हा ३४ सेकंद लागले. नवा पंप घ्यायच्या विचारात होतो. जुना उघडला तर इंपेलरवर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) चुन्याचा पांढरा थर आणि एक छोटी गोगलगाय. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये समान पाणी घालून दोन तास भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, धुऊन परत लावला. बादली २६ सेकंदांत भरली. गोगलगाय सुखरूप वाळूत.